बालवाडीच्या ताईंना विचारा : नुसतं पाणी-माती खेळवतात, मग शिकवतात कधी?

प्रश्न : ताई, मुलगी साडेतीन वर्षांची आहे, जूनपासून नर्सरीत जाते. वही अजून कोरीच. आज काय केलं विचारलं की सांगते पाणी ओतलं, राजमा आणि चवळी वेगळी केली, कणकेची पोळी लाटली. समोरच्या फ्लॅटमधला तेवढाच मुलगा ए टू झेड लिहितो, वीसपर्यंत आकडे काढतो. सासूबाई म्हणतात एवढी फी भरून घरातलीच कामं शिकवतायत. शाळा बदलू का?
– एक आई, सिंहगड रोड

उत्तर : नका बदलू, उलट अशी शाळा मिळाली हे चांगलं झालं असं मी म्हणेन. सासूबाईंचं म्हणणंही अगदी चूक नाहीये बरं का, ही घरातलीच कामं आहेत, पण या वयाला तीच लागतात.

आधी हात समजून घ्या. मनगटात आठ छोटी हाडं असतात आणि या वयात त्यातली निम्मी तरी अजून कूर्चाच असतात, हाड व्हायचीच असतात. बोटांचे बारीक स्नायू पण कच्चे. अशा हातात पेन्सिल दिली की मूल ती मुठीत धरतं, खांद्यापासून जोर लावतं, दोन ओळींत दमतं आणि मग आपण म्हणतो हिला लिहायचा कंटाळा आहे. कंटाळा नसतो हो, हात तयार नसतो.

आता तुमच्या घरी मटार सोलायला बसवा आणि नुसतं बघा. एका हातात शेंग धरायची, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने शिवणीवर दाबायचं, पट्कन उघडली की आतून अंगठा फिरवत दाणे सोडवायचे. पहिल्या दोनचार शेंगा चेचल्या जातील, जाऊ देत. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट ही तीन बोटं जे काम करतात ना, पेन्सिल धरायला पण तीच लागतात. जगमधून फुलपात्रात पाणी ओतताना मनगट हळूहळू वळवावं लागतं, भरत आलं की थांबावं लागतं, म्हणजे नजर आणि हात दोन्ही एकत्र कामाला लागले. राजमा-चवळी वेगळी करणं हे तर सरळ गणितच आहे, सारखं काय आणि वेगळं काय हे कळल्याशिवाय मोजण्याला अर्थ नाही, वीसपर्यंत आकडे काढणाऱ्या मुलाला सात चमचे आण म्हणून बघा, सगळ्यांना जमतंच असं नाही.

आणि हे आजकालचं फॅड पण नाही. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला बालवाडी सुरू केली, पुढे १९५७ मध्ये जवळच्याच कोसबाडला काम नेलं, तिथे मॉन्टेसरी पद्धतीची महागडी लाकडी साधनं परवडणारी नव्हती तर त्यांनी बिया, शंख-शिंपले, पानं, माती हेच साधन केलं. आपल्याच महाराष्ट्रातली गोष्ट आहे ही. आता २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण पण तीन ते आठ हा पायाभूत टप्पा धरतं आणि खेळातून, कृतीतून शिकवा असंच सांगतं.

घरी करायचं असेल तर प्लॅस्टिकची भातुकली नको, ती हलकी असते, हाताला वजनच कळत नाही. तुळशीबागेतनं छोटी स्टीलची भांडी आणा, खरी. कोथिंबीर निवडणं, रुमालाच्या घड्या, दोरीवर चिमटे लावणं (चिमटा दाबायला बोटांत भरपूर ताकद लागते), एवढं पुष्कळ झालं.

शाळेत मात्र एक गोष्ट जरूर बघून या. मुलाच्या हातून पाणी सांडलं की तिथल्या ताई काय करतात? फडकं त्याच्या हातात देतात की त्याच्या हातातला जग काढून घेतात? मला विचाराल तर ॲडमिशन घेताना एवढं एक बघितलं तरी चालेल.

प्रश्न : मी नर्सरीत शिकवते, वर्गात तीस मुलं आणि एक मावशी. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज क्राफ्टचा फोटो गेलाच पाहिजे असा वरून आग्रह आहे. मुलांना वेळ लागतो, मग शेवटी आम्हीच कापतो, आम्हीच चिकटवतो. काय करू?
– एक शिक्षिका, हडपसर

उत्तर : तुमची ओढाताण समजते, बऱ्याच वर्गांत हेच चाललंय आणि मला याचं खरंच वाईट वाटतं. तीस कागदी फुलपाखरं सगळी एकसारखी दिसली की समजायचं मुलांचा हात त्याला लागलेला नाही.

दोन गोष्टी करून बघा. सगळ्यांना एकदम एकच काम देऊ नका, पाच-सहा मुलं मातीशी, पाच-सहा ओतण्याच्या कोपऱ्यात, काही कागद फाडायला, काही ठोकळ्यांशी, उरलेली मावशींबरोबर गाण्यांना, आणि हे आठवडाभर तेच ठेवा. रोज नवीन कशाला? मुलाला तेच परत परत करायचं असतं, तिसऱ्या-चौथ्या दिवशीच त्याची खरी मजा सुरू होते. मातीसाठी शाडू छान, कसबा पेठेत कुंभारवाड्याकडे मिळेल, ओली करून डब्यात घट्ट झाकून ठेवली की पुष्कळ दिवस चालते. फक्त झाडून काढू नका, धूळ उडते, ओल्या फडक्याने पुसा.

आणि फोटो पाठवायचाच तर वस्तूचा नको, हातांचा पाठवा. मातीत बुडालेली बोटं, आणि खाली एक ओळ, आज बोटांनी दाबणं, वळणं, तोडणं झालं. पालकांना कोणी सांगतच नाही म्हणून ते फुलपाखरू मागतात. वरच्यांना पण हेच दाखवा, तयार होतील असं वाटतं.

प्रश्न : धाकटा दोन वर्षांचा, मोठीचं बघून तो पण मणी-डाळी मागतो. देऊ का?
– एक बाबा, वाकड

उत्तर : नाही. तीन वर्षांच्या आत मणी, राजमा, शेंगदाणे, गोट्या काहीच नको, सगळं तोंडात जातं आणि घशात अडकू शकतं. त्याला कणकेचा गोळा द्या, मोठे डबे-झाकणं द्या, बादलीत तळाला थोडंसं पाणी आणि ओतायला एक मग द्या, पण शेजारी बसूनच, दोन मिनिटं पण उठायचं नाही आणि झालं की बादली लगेच रिकामी. बटन सेल आणि छोटी लोहचुंबकं तर मोठीच्या पण हाताला लागू देऊ नका. आणि समजा राजमा नाकात गेलाच तर घरी चिमट्याने काढायला जाऊ नका, तो आत सरकतो आणि ओलीने फुगतो, सरळ कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे न्या.