एका रिपोर्टवर आयसीएसआयला हो म्हणू नका

तुम्ही लिहिलंय की लग्नाला तीन वर्षं झाली, बायकोच्या तपासण्या नॉर्मल आहेत, तुमचा शुक्राणूंचा काउंट मिलीला ६० लाख, हालचाल २० टक्के आणि डॉक्टरांनी थेट आयसीएसआयची, म्हणजे लॅबमध्ये एकेक शुक्राणू सुईने स्त्रीबीजात सोडण्याच्या उपचाराची, तारीख दिली. मी या वाटेने गेलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी वीर्याची तपासणी पुन्हा करा, २ ते ७ दिवस वीर्यस्खलन न होऊ देता. घरून नेणार असाल तर नमुना तासाभरात लॅबमध्ये पोचायला हवा. मी पहिली डबी थंडीत स्कूटरच्या डिकीतून नेली होती. ती शर्टाच्या आत, अंगाला लागून न्यायची असते हे मला कोणी सांगितलंच नाही. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, त्यामुळे दोन महिन्यांपूर्वीचा मोठा तापही आजच्या रिपोर्टात उतरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या पुस्तिकेत खालची मर्यादा मिलीला १ कोटी ६० लाख आणि हालचाल ४२ टक्के आहे. त्याखाली आकडा आला म्हणजे मूल होणारच नाही, असं मात्र नाही.

तुमची वृषणं कोणी हाताने तपासलीत का? माझे दोन वर्षं नुसते कागदच पाहिले गेले. शेवटी एका यूरोलॉजिस्टनी उभं करून, श्वास रोखून जोर द्यायला लावला. डाव्या बाजूला गांडुळांचा पुंजका असावा तशा शिरा हाताला लागल्या. व्हेरिकोसील, म्हणजे वृषणाजवळच्या फुगलेल्या शिरा! वंध्यत्वासाठी तपासल्या जाणाऱ्या साधारण तिघांतल्या एका पुरुषात ते सापडतं. मायक्रोस्कोपखाली ऑपरेशन झालं, सहा महिन्यांत काउंट ४० लाखांवरून २ कोटींवर गेला. सगळ्यांना इतका फरक पडत नाही, आणि नुसत्या सोनोग्राफीत दिसणाऱ्या शिरांसाठी ऑपरेशन करू नये. बायकोचं वय पस्तिशीपुढे असेल तर थांबण्याचा हिशेबही वेगळा होतो, तो डॉक्टरांशी बोला.

जिममधला मित्र सुचवतोय ते टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन अजिबात घेऊ नका. बाहेरून हॉर्मोन मिळालं की मेंदू वृषणांना संदेश देणं थांबवतो आणि काउंट शून्यावरही येऊ शकतो. आधीच घेतलं असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. एफएसएच (मेंदूकडून वृषणांना संदेश नेणारं हॉर्मोन) आणि टेस्टोस्टेरॉनची रक्ततपासणी करून घ्या.

आई सुनेला उपासतापास करायला लावते, असंही लिहिलंय तुम्ही. रिपोर्ट आईला तुम्ही स्वतः दाखवा, या आठवड्यातच. मी दीड वर्ष गप्प राहिलो आणि माझ्या वाटचं सगळं माझ्या बायकोने ऐकून घेतलं.