विचारा, सांगतो : ब्लोअर सुरू होताना मेन का पडते?

प्रश्न : आमच्या फाउंड्रीत डस्ट कलेक्टरला 30 एचपीचा ब्लोअर आहे. स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटर आधी कमी व्होल्टेजच्या स्टार जोडणीत सुरू करून मग पूर्ण व्होल्टेजच्या डेल्टावर नेणारा), टायमर 5 सेकंदांवर. डेल्टावर जाताना धाडकन आवाज होतो, शेडमधले दिवे मंदावतात, कधी कधी मेनच पडते. बेल्टही फार टिकत नाहीत. विक्रेता म्हणतो, सॉफ्ट स्टार्टर (मोटरचं व्होल्टेज हळूहळू वाढवणारं उपकरण) बसवा, बिलही कमी येईल. बसवू का?
– एक वाचक, शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर

उत्तर : बिलाचं आधी मिटवू. सॉफ्ट स्टार्टरचं काम मोटर वेगात येईपर्यंतच. मग बायपास कॉन्टॅक्टर (मोटर थेट लाइनला जोडणारा स्विच) जोडला जातो आणि सॉफ्ट स्टार्टर बाजूला होतो. चालत्या मोटरच्या युनिटांत त्यानं काही फरक पडत नाही. विक्रेत्यानं थापच मारली म्हणायची. बिल वाचवायचं असेल आणि कमी हवेवर भागत असेल, तर व्हीएफडीचं (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या उपकरणाचं) गणित मांडा. ब्लोअरचा वेग 80 टक्क्यांवर आणला, की पॉवर जवळपास निम्मी लागते.

आता धडाक्याचं. एका लाइनला टोंग टेस्टर (वायरीभोवती पकडून करंट मोजणारं मीटर) लावून मोटर सुरू करा. तुमची मोटर फुल लोडला साधारण 40 अँपिअर घेते. थेट सुरू केली तर सहा-सात पट, म्हणजे 240 ते 280. स्टारमध्ये त्याचा तिसरा हिस्सा, 80-90. हा आकडा उतरून स्थिरावला, की मोटर वेगात आली समजा आणि तेव्हाच डेल्टावर जाऊ द्या. जड इम्पेलरला (ब्लोअरच्या पात्यांच्या चाकाला) 5 सेकंद बहुधा पुरत नसणार. अर्ध्या वेगात बदल झाला, की मोटर जवळजवळ थेट सुरू केल्यासारखाच करंट ओढते. शिवाय स्टार सुटून डेल्टा लागेपर्यंतच्या क्षणात रोटरमधलं चुंबकत्व पुरतं गेलेलं नसतं. त्याचा आणि लाइनचा मेळ बसला नाही, तर झटका आणखी मोठा.

पण नुसता टायमर वाढवू नका. करंटबरोबर स्टारमध्ये टॉर्कही (फिरवण्याचा जोर) एक तृतीयांश होतो आणि ब्लोअर वेगाच्या वर्गानं टॉर्क मागतो : 80 टक्के वेगाला 64 टक्के. डॅम्पर (हवेच्या वाटेतली झडप) उघडा असेल, तर मोटर वाटेतच अडकते आणि करंट उतरतच नाही. म्हणून सुरू करताना डॅम्पर बंद ठेवा. ‘बंद केला की लोड वाढतो’ असं फिटर हमखास सांगतील. सेंट्रिफ्युगल ब्लोअरचं नेमकं उलट असतं. वेग आला, की हळूहळू उघडा.

एवढं करूनही मेन पडली, तर सॉफ्ट स्टार्टर जरूर घ्या. बदलाचा झटका जाईल, बेल्ट टिकतील. मात्र तेवढ्याच करंटला तो स्टार-डेल्टापेक्षा कमी टॉर्क देतो, तेव्हा करंट लिमिट फुल लोडच्या साडेतीन-चार पटीपर्यंत ठेवावी लागेल. डॅम्पर तरीही बंदच. लिफ्ट इरिगेशनच्या पंपावर त्याची किंमत खरी वसूल होते, कारण तो पंप हळूहळू बंदही करतो आणि पाइपलाइनमध्ये पाण्याचा धक्का बसत नाही. ब्लोअरला या हळूहळू बंद करण्याचा उपयोग शून्य.

पॅनेल उघडलंच आहे, तर ओव्हरलोड रिले (जास्त करंट गेला तर मोटर बंद करणारा) बघा. स्टार-डेल्टात तो बहुतेक वेळा वाइंडिंगच्या वायरीत असतो. तिथं करंट लाइनच्या 58 टक्के, म्हणून 40 च्या मोटरला तो 23 वर हवा. तिथं असून 40 वर असेल, तर आजच खाली आणा.