कशावरून?

प्रिय मित्रा,

तुझे पत्र आणि अंकाचा कच्चा आराखडा मिळाला. विज्ञानाची तत्त्वज्ञानाशी आणि संस्कृतीशी सांगड घालणारे मासिक मराठीत हवे, याबद्दल आपल्यात दुमत नाही. तत्त्वज्ञानाला स्वतंत्र सदर द्यावे का, असे तू विचारतोस. देऊ नकोस. एका पानावर नुसती माहिती आणि दुसऱ्यावर नुसते चिंतन अशी वाटणी झाली, की 'कशावरून?' हा प्रश्न दोन्हीकडून हद्दपार होतो.

तुझा ऐरोलीच्या खाडीवरचा लेखच घे. रोहित पक्ष्यांचा गुलाबी रंग म्हणजे अद्वैताचे दर्शन, असे तू लिहिले आहेस. कशावरून? त्यांची पिल्ले करडी असतात. ओहोटीला चोच उलटी धरून ते चिखलपाण्यातून जे सूक्ष्म शैवाल गाळून खातात, त्यातल्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांमुळे पुढे पिसे गुलाबी होतात. ज्या रंगावरून आपण पक्षी ओळखतो तोच अन्नातून आलेला असेल, तर त्याचे स्वतःचे म्हणावे असे काय आणि परिसराचे काय? हा अस्सल तात्त्विक प्रश्न हाताशी असताना तू एक तयार शब्द चिकटवून मोकळा झालास, याचा मला राग आला.

संस्कृतीबद्दल लिहितानाही हाच प्रश्न विचार. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली १०० हुशार आणि १०० बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या जन्माचे तपशील जमवून पत्रिका मांडल्या आणि पत्रिका कोणत्या गटातल्या मुलाची, हे ओळखायला ज्योतिषांना दिल्या. २७ जणांनी प्रत्येकी ४० पत्रिका तपासल्या; सरासरी ४६ टक्के उत्तरे बरोबर आली. नाणेफेकीवर निम्मी तरी आली असती! पत्रिका मानणाऱ्या घरातही हा प्रयोग वाचला जातो, कारण त्यात कोणाला हिणवलेले नाही, फक्त तपासले आहे.

मी एका मासिकाचे विज्ञानाचे पान सांभाळत असताना, पुराणात सारे शोध आधीच लागले होते असे सांगणारा एका नामवंताचा लेख 'कशावरून?' एवढेच लिहून परत पाठवला, आणि पान माझ्याकडून गेले. मला हेकट म्हणणारे नौपाड्यात अजून भेटतात. म्हणोत. त्या लेखाला एकही आधार नव्हता; आज आला तरी तो परतच जाईल. खंत एवढीच, की त्या पानावर लिहू लागलेली तरुण मंडळी पुढे लिहायचीच थांबली. तू थांबू नयेस म्हणून इतके कठोर लिहितो आहे.

छपाईची घाई करू नकोस. खाडीचा लेख पुन्हा लिही, प्रत्येक विधानाशेजारी ते कोणी आणि कसे पाहिले याची समासात नोंद कर, आणि रविवारी सकाळी घेऊन ये. 'अद्वैत' तुला तरीही हवेच असेल, तर तेव्हा भांडू.

तुझा,
काका