सगळे दात काढून कवळी बसवली आहे. खालची सारखी हलते, टोचते, जेवता येत नाही. सवय होते का?

तुमच्या तक्रारी अशा दिसतात: वरची घातली की उमासे येतात, खालची घास चावताना उचलते आणि एका बाजूला टोचते, आणि पतसंस्थेत काउंटरवर बोलताना शिटी वाजते. डॉक्टर म्हणतात, "होईल सवय." आणखी एक गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे, की बायकोसमोर बोळकं तोंड नको म्हणून रात्रीसुद्धा कवळी काढत नाही. त्या गोष्टीकडे पुढे येतो.

मी डॉक्टर नाही. एसटीत कंडक्टर होतो, शेवटची काही वर्षं सांगली भागात स्टँडवर वाहतूक नियंत्रक. शुगर आणि पायरियाने मिळून माझे दात नोकरीत असतानाच गेले, त्यामुळे वरची-खालची पूर्ण कवळी घालून मी माइकवर गाड्या पुकारल्या आहेत. त्या अनुभवावर आणि माझ्या दातांच्या डॉक्टरांनी वेळोवेळी समजावलं त्यावर लिहितोय.

"होईल सवय" हे अर्धं खरं आहे. जे अवघडल्यासारखं वाटतं, त्याची सवय होते. जे दुखतं, त्याची होत नाही, तिथे कवळी डॉक्टरांकडून घासूनच घ्यावी लागते. बरेच लोक याच्या उलट करतात. दुखणं सोसत बसतात आणि अवघडतंय म्हणून कवळी डबीत ठेवून देतात. मग ना जखम बरी होते, ना तोंड काही शिकतं.

आधी खालचीचं बघू, कारण खरी खोडी तिचीच असते. वरची कवळी अख्ख्या टाळूवर बसते. मध्ये थुंकीचा पातळ थर असतो, कडा हवा आत येऊ देत नाहीत, त्यामुळे ती चिकटून राहते. खालचीला टाळू नाही. ती घोड्याच्या नालेसारखी, जेमतेम हिरडीच्या उंचवट्यावर टेकलेली, आणि मधोमध सतत वळवळणारी जीभ. तिला धरून ठेवायचं काम जीभ, गाल आणि ओठ करतात, आणि हे त्यांनी आजवर कधी केलेलं नसतं. म्हणून वरची छान बसली आणि खालची हलते याचा अर्थ डॉक्टरांनी माप चुकवलं असा लगेच धरू नका.

जिभेला एकच गोष्ट शिकवायची. तोंड उघडलं की तिने मागे पळायचं नाही. कवळी हलेल या भीतीने आपण जीभ आत ओढतो आणि नेमकी त्यामुळेच कवळी उचलते. आरशासमोर थोडं तोंड उघडा आणि जिभेचं टोक खालच्या पुढच्या दातांना आतून हलकं टेकवून ठेवा, कडा बाजूच्या दातांना लागू द्या. टीव्ही बघताना, बसमध्ये, कुठेही हे करता येतं. काही आठवड्यांत जीभ आपोआप तिथे राहायला लागते.

आता टोचण्याचं. कवळी नवी असताना एक-दोन जागी काचणं हे जवळपास सगळ्यांचं होतं, आणि ती घासून घ्यायला दोन-चारदा जावं लागणं यात वावगं काही नाही. पण जाताना ती डबीत घालून नेऊ नका. आदल्या दिवसापासून, निदान त्या दिवशी सकाळपासून घाला, तिनेच थोडं काही खा आणि तशीच घालून जा. नाहीतर हिरडी शांत झालेली असते आणि लाल चट्टा डॉक्टरांना दिसतच नाही. माझे डॉक्टर काय करायचे ते सांगतो. हिरडी कापसाने कोरडी करून चट्ट्यावर जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीने ठिपका द्यायचे, कवळी बसवून दाबायचे आणि काढायचे. तो ठिपका कवळीच्या आतल्या गुलाबी भागावर उमटलेला असायचा, बरोबर त्याच जागी मशीनने जरासं घासायचे. दोन मिनिटांचं काम. खुर्चीतून उतरायच्या आधीच फरक कळायचा. हे घरी कानस किंवा पॉलिश पेपर घेऊन करू नका. शेजारचं कोणी सांगेल, "मी केलं, काय होतंय." एकदा कड गेली की पकड गेली. आणि कवळी तुटली तर घरातल्या गमाने किंवा झटपट चिकटणाऱ्या गोंदाने जोडायच्या भानगडीत पडू नका, जोड वाकडा बसतो आणि मग डॉक्टरांनाही तो नीट करता येत नाही.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या. घासून घेतल्यावरही एखादी जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, किंवा कडक, पांढरा-लाल चट्टा राहिला, तर ती कवळीची आहे असं मानून बसू नका, तपासून घ्या. तंबाखू-मावा-मिश्री असेल तर आजच.

जेवण. सांगलीकडचा माणूस असल्याने मला पहिला प्रश्न भाकरीचा पडला होता. कुस्करून. तांबड्या रश्श्यात, आमटीत किंवा दुधात भाकरी कुस्करा, थोडी भिजू द्या आणि छोटे घास घ्या. सुरुवातीला मऊ भात-मेतकूट, पिठलं, उपमा, इडली, शिजवून मऊ केलेली फळभाजी. पूर्ण कवळीने चावायची ताकद स्वतःच्या दातांच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकीच असते, हे एकदा मान्य केलं की चिडचिड कमी होते. पोळी हाताने बारीक तोडून खा. पुढच्या दातांनी तोडायला गेलात की कवळी मागून उचललीच. घास दोन भागांत वाटून दोन्ही बाजूंना एकाच वेळी चावा. विचित्र वाटतं, पण एकाच बाजूने चावलं की दुसरी बाजू वर येते. मटण खावंसं वाटलं तर आधी खिमा, तुकडे पुढच्या महिन्यात बघू.

भडंगाचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, मी आपलं सांगून ठेवतो. कुरमुरे चालून जातात, त्यातले शेंगदाण्याचे कण कवळीखाली गेले की डोळ्यांत पाणी येतं. तीळ, पेरूच्या बिया, डाळिंब यांचंही तसंच. बाहेर खाल्लंत तर बेसिनपाशी जाऊन कवळी काढून धुवायची सोय आहे ना, ते आधी बघा. चहा पिताना सावध. टाळू झाकलेला असतो, त्यामुळे कढत असल्याचं तोंडात कळत नाही, घशात गेल्यावर कळतं. ओठाने चाखून मगच घोट घ्या.

बोलण्याची काळजी तुमच्या नोकरीमुळे जास्त वाटते, हे समजतं. माझ्या वाट्याला 'सांगली-स्वारगेट, कराड-सातारामार्गे' आली होती, म्हणजे स आणि र यांचा नुसता मारा. घरी पेपर मोठ्याने वाचायचो, आधी सावकाश, मग रोजच्या वेगाने. अडणारा शब्द पुन्हा पुन्हा म्हणायचा. तुमच्या कामातले शब्द घ्या: सभासद, बचत, व्याजदर, शिल्लक, सही. तोंडात थुंकी जास्त सुटते, कारण नव्या वस्तूला तोंड अन्नच समजतं. ती गिळत राहा, सारखं चूळ भरून थुंकू नका, त्या ओढीने कवळी सुटते. हे दोन्ही थोड्याच आठवड्यांत खाली बसतं. मात्र बोलताना वरचे-खालचे दात एकमेकांवर टकटक आपटत असतील तर तो सरावाचा प्रश्न नाही. दातांची उंची जास्त धरली गेली असू शकते. हे डॉक्टरांना याच शब्दांत सांगा.

उमाशांवर लोक म्हणतात मागची कड कापून घ्या. घाई करू नका. तिकडे जास्त कापलं की वरचीची पकड जाते, आणि सैल झालेली कवळी जिभेच्या मुळाशी हलून आणखी उमासे आणते. आधी नाकाने लांब श्वास घेत, थोडा थोडा वेळ घालून वेळ वाढवत न्या. पोट भरलेलं असताना सराव नको. आणि लक्ष तिथून काढा, कोणाशी तरी बोला. एवढं करूनही कमी होत नसेल तर मग कड दाखवा.

आता रात्रीचं. रात्री कवळी काढायचीच. दिवसभर दाबाखाली असलेल्या हिरडीला मोकळीक लागते, आणि चोवीस तास झाकलेल्या टाळूवर बुरशी धरते, टाळू लालभडक होतो. शुगरवाल्याला तर हा धोका जास्तच. काढून मऊ ब्रशने आणि भांड्यांच्या सौम्य साबणाने घासा. टूथपेस्ट नको, तिने चरे पडतात आणि चऱ्यांत घाण बसते. गरम पाणी नको, प्लॅस्टिक वाकडं होतं. धुताना बेसिनमध्ये पाणी भरून ठेवा, हातातून निसटली तर पाण्यात पडेल, फुटणार नाही. मग साध्या पाण्यात बुडवून ठेवा, कोरडी नको. हिरड्या आणि जीभही ओल्या फडक्याने किंवा मऊ ब्रशने पुसा.

बायकोचं म्हणाल, तर तुम्ही दात काढून आलात तेव्हा तोंडात बोळा धरलेला त्यांनीच बघितला असेल, मऊ भातही त्यांनीच शिजवला असेल. आमच्या घरी पहिल्या दिवशी ही हसली, मीही हसलो, विषय संपला. तुमच्याकडे तसंच होईल असं म्हणत नाही. फारच वाटत असेल तर दिवा मालवल्यावर काढा, पण काढा.

चिकटवायची पावडर किंवा क्रीम वापरावं का? लग्नकार्य, मीटिंग अशा दिवशी जरूर वापरा, थोडीच. पण रोज भरपूर लावल्याशिवाय कवळी थांबतच नसेल तर ती बसत नाहीये, एवढं ओळखा. काही क्रीममध्ये जस्त असतं, आणि ते वर्षानुवर्षं भरमसाट वापरलेल्यांच्या अंगातलं तांबं कमी होऊन नसांना इजा झाल्याची उदाहरणं आहेत. जस्त नसलेलं मागा.

दात काढून दोनच महिने झाल्याचं तुम्ही लिहिलंय, म्हणून हेही आधीच माहीत असू द्या: आज छान बसलेली कवळी सहा-आठ महिन्यांत सैल होणार आहे. दात गेले की त्यांना धरणारं हाड झिजतं, पहिल्या वर्षात सगळ्यात वेगाने, आणि खालच्या जबड्याचं वरच्यापेक्षा कितीतरी जास्त. तेव्हा कवळीला आतून नवा थर देऊन घेतात, रिलाइन म्हणतात त्याला. पुढेही साधारण पाच-सात वर्षांनी नवी करावी लागते. त्यामुळे पहिल्या कवळीवर सगळी पुंजी घालू नका. खर्चाचा प्रश्न असेल तर सरकारी दंत महाविद्यालयं बघा: मुंबईत सीएसएमटीजवळचं, नागपूरचं, छत्रपती संभाजीनगरचं, शिवाय मुंबई महापालिकेचं नायर. फेऱ्या जास्त पडतात, कारण विद्यार्थी काम करतात आणि प्रत्येक टप्पा सरांना दाखवतात. मला तरी तो दोष वाटत नाही.

आणि हे सगळं करून वर्षभराने खालची तरीही नाचत असेल, तर खालच्या जबड्यात पुढे दोन इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवायचे स्क्रू, घालून कवळी त्यांवर बटणासारखी अडकवता येते. २००२ मध्ये कॅनडात मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी तर खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय धरावा असं म्हटलं होतं. आपल्याकडे पैशामुळे तो शेवटचा होतो. शुगर ताब्यात हवी, हाड पुरेसं हवं, एक्स-रे काढून डॉक्टर सांगतील. तुम्हाला शुगर आहे का, हे प्रश्नात नाही. असेल तर शेवटचा एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) किती होता ते लिहा, कारण जखमा भरायला लागणारा वेळ त्यावर बराच अवलंबून असतो.