एल निनो जाहीर झाला की मराठवाड्यात दुष्काळ पडतोच का? मग २०१९ साली जायकवाडी कसे भरले?

प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. दुसऱ्या भागावरून आमच्या घरात अजून वाद चालू आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझी शेती पैठण तालुक्यात आहे आणि बहीण लातूर जिल्ह्यात मांजरा नदीच्या काठी दिली आहे. २०१९ साली राखी पौर्णिमा आणि १५ ऑगस्ट एकाच दिवशी आले होते. त्या वेळी बहीण आणि दाजी आमच्याकडे आले असता आम्ही सगळे नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, पाहायला गेलो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस दुपारच्या उन्हात माना टाकून उभा होता, पाते गळत होते, कित्येक गावांत टँकर चालू होते आणि औरंगाबादेहून कृत्रिम पावसासाठी विमान उडवण्याचा सरकारी खटाटोपही त्याच महिन्यात सुरू होता. धरणावर मात्र गढूळ पाणी भिंतीला टेकले होते. जुलैत जे धरण मृतसाठ्यात होते ते ऑगस्टमध्ये नव्वद टक्क्यांच्या पुढे गेले होते. ते पाहून दाजी म्हणाले, “एल निनो गेला बरं का एकदाचा!” मी तिथेच त्यांच्याशी वाद घातला, कारण ज्या पाण्याकडे ते बोट दाखवत होते त्याचा आमच्या शिवारातल्या पावसाशी काहीही संबंध नव्हता.

गोदावरीला येणारे हे पाणी त्र्यंबकेश्वर आणि इगतपुरीच्या डोंगरांतून येते. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पैठणला जेमतेम ६००-७००, कारण अरबी समुद्रावरून येणारे वारे सह्याद्री चढताना आपला भार घाटमाथ्यावरच उतरवतात. त्या हंगामात पश्चिमेचा प्रवाह जोरात होता, त्यामुळे नाशिककडची गंगापूर, दारणा ही धरणे भरून पाणी नांदूर मधमेश्वरमार्गे खाली आले. प्रदेश कोरडा आणि नदी दुथडी, ही अवस्था आमच्याकडे नवी नाही. मांजरेचे तसे नाही. ती बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते, तिच्या पाठीशी सह्याद्री नाही, आणि बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे पट्टे सप्टेंबरात मराठवाड्यापर्यंत आले तरच तिचे धरण भरते. एकाच हंगामात एकाच मराठवाड्यातल्या दोन नद्यांचे नशीब इतके वेगळे असते, हे ‘एल निनो म्हणजे दुष्काळ’ म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

आता एल निनो नेमके काय करतो ते सांगतो. एरवी इंडोनेशियाच्या बाजूला साठलेले प्रशांत महासागराचे उबदार पाणी मध्य आणि पूर्व प्रशांताकडे सरकते, त्याच्याबरोबर हवा वर चढण्याची जागाही सरकते, आणि आपल्या बाजूला हवा खाली दबू लागल्याने ढग वाढत नाहीत. १९०४ साली भारतात आलेले गिल्बर्ट वॉकर मान्सूनचा अंदाज बांधण्याच्या खटपटीत होते. प्रशांत महासागराच्या दोन टोकांच्या हवेच्या दाबाचा हा झोका त्यांनीच नोंदवला. परंतु हा संबंध शक्यतेचा आहे. १९९७ साली विसाव्या शतकातल्या सर्वांत बलवान एल निनोंपैकी एक आला असूनही देशात सरासरीच्या १०२ टक्के पाऊस झाला. २००२ साली मध्यम एल निनो असताना तो ८१ टक्क्यांवर आला. उष्ण पाणी प्रशांताच्या मध्यावर साठते की पेरूच्या किनाऱ्याला, यानेही बराच फरक पडतो. शिवाय हिंदी महासागराचे स्वतःचे गणित असते. २०१९ साली जूनमध्ये देशात ३३ टक्के तूट होती, पण जुलैच्या सुमारास दुबळा एल निनो विरला, आफ्रिकेकडचा समुद्र तापून आणि सुमात्राकडचा थंड होऊन आयओडी (हिंदी महासागराच्या पश्चिम आणि पूर्व भागांच्या तापमानातला फरक) बळकट धन झाला आणि हंगाम ११० टक्क्यांवर संपला. (त्याच तापलेल्या अरबी समुद्राने ऑक्टोबरात ‘क्यार’ चक्रीवादळ दिले आणि त्या महिन्याच्या पावसात काढणीला आलेले सोयाबीन सडले, तेव्हा धन आयओडी म्हणजे वरदान, असेही कोणी समजू नये.)

दाजींचे म्हणणे असे की २०१५ साली एल निनोने लातूरचा घात केला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, हे खरेच आहे. परंतु २०१२ साली एल निनो जाहीर झालेला नव्हता, तरी मराठवाडा होरपळला; २०१८ च्या पावसाळ्यातही नव्हता, तरी जायकवाडी तळाला गेले. ज्या खोऱ्यात चार-पाच वर्षांत एकदा पाऊस दगा देणारच, तिथे पिण्याच्या धरणाच्या पाण्यावर उसाचा खोडवा (तोडणीनंतर पुन्हा फुटणारे पीक) राखायचा आणि विहिरी आटल्या की पेरूच्या किनाऱ्याकडे बोट दाखवायचे, याला मी शेतीचे नियोजन म्हणत नाही.

मी हवामानशास्त्रज्ञ नाही. एल निनोचा फटका खोटा आहे असेही माझे म्हणणे नाही. १९७२ आणि २०१५ ही दोन्ही एल निनोची वर्षे होती, आणि २०२३ चा ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला तेव्हाही एल निनोच होता. म्हणून इशारा आला तर कमी मुदतीचे वाण घ्यावे, मूग-उडदाची पेरणी लांबली तर तुरीकडे वळावे आणि जायकवाडीच्या लाभक्षेत्रात असाल तर गावच्या पावसाबरोबर नाशिकच्या धरणांचे आकडेही रोज पाहावेत. मांजरेकाठी असाल तर सप्टेंबर संपेपर्यंत उसाचे नावही काढू नये.

हे मी दाजींनाही सांगितले होते. २०२० साली ला निना, म्हणजे एल निनोच्या उलट अवस्था, जाहीर झाल्यावर त्यांनी उसाचे क्षेत्र आणखी वाढवले आणि कारण विचारले तेव्हा म्हणाले, “आता समुद्र आपल्या बाजूने आहे.”