सब-टेनॉन ब्लॉक (शस्त्रक्रियेआधी डोळा बधिर करायला टेनॉन नावाच्या पदराखाली औषध सोडणं) देताना औषध कंजंक्टायव्हाखालीच (डोळ्यावरच्या सगळ्यात वरच्या पातळ आवरणाखालीच) फुगतं आणि डोळा हलत राहतो. काय चुकत असेल?

बहुतेक वेळा टेनॉनचा पदर पूर्ण कापलेला नसतो. कंजंक्टायव्हा कापली की खाली पांढुरकं, कापसासारखं ओढलं जाणारं काहीतरी दिसतं आणि नवीन हाताला तोच स्क्लेरा (डोळ्याचं पांढरं, टणक कवच) वाटतो. तो टेनॉन. खरा स्क्लेरा चकचकीत असतो, फोर्सेप्सच्या चिमटीत येत नाही. तो उघडा दिसेपर्यंत कॅन्युला (औषध सोडायची बोथट नळी) हातात घेऊच नका.

आधी बधिर करणारे प्रोपॅराकेनचे थेंब, मग 5 टक्के पोव्हिडोन आयोडीन. (लिग्नोकेन जेली वापरत असाल तर ती आयोडीननंतरच, जेलीच्या थराखाली आयोडीन पोहोचत नाही.) पेशंटला वर आणि कानाच्या बाजूला बघायला सांगा, म्हणजे खालचा, नाकाकडचा भाग समोर येतो. लिंबसपासून (बुबुळाच्या कडेपासून) 5 ते 7 मिमीवर बोथट फोर्सेप्सने कंजंक्टायव्हा आणि टेनॉन हे दोन्ही पदर एकदम, जरा खोलवर धरा आणि वेस्टकॉट कात्रीने 1-2 मिमीचं छिद्र करा. छिद्र मोठं झालं की औषध कॅन्युलाच्या कडेने उलटं येतं. हे दुसरं नेहमीचं कारण. पदर सोडू नका, बंद कात्री आत सरकवून वाट करून घ्या.

19 गेजची 25 मिमी बाकदार कॅन्युला डोळ्याची गोलाई धरून, टोक स्क्लेराला लागून, इक्वेटरच्या (डोळ्याच्या गोळ्याच्या मधल्या घेराच्या) मागे न्या. अडली तर रेटू नका. थोडंसं औषध सोडलं की वाट मोकळी होते. पुढेच थांबून सगळं औषध सोडलंत तर ते पुढेच फुगणार. मागे पोचल्यावर 3 ते 4 मिली, अगदी सावकाश.

मी 2 टक्के लिग्नोकेन आणि 0.5 टक्के बुपिवाकेन निम्मं-निम्मं घेतो, दर मिलीला 15 युनिट हायल्युरोनिडेज (औषध पसरायला मदत करणारं एन्झाइम). ते वगळलं तर औषध नीट पसरत नाही. फुगवटा आलाच तर पापणी मिटून हलका दाब द्या, 5 मिनिटं थांबा. त्यानंतरही डोळा थोडा हलत असेल, पण दुखत नसेल, तर फेकोसाठी (मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी) तेवढं बहुधा पुरतं. लगेच दुसरा डोस भरू नका.

डोळ्याची लांबी 26 मिमीच्या पुढे असेल तर मी सुईने द्यायच्या ब्लॉकपेक्षा हाच ब्लॉक पसंत करतो, कारण लांब डोळ्यात सुईने भोक पडण्याची भीती जास्त. पण आधी रेटिनासाठी बकल (स्क्लेरावर बाहेरून शिवलेली पट्टी) बसवलेला असेल तर पदर स्क्लेराला चिकटलेले असतात आणि तिथे बोथट कॅन्युलाही घात करू शकते. अशा डोळ्याला थेंबांवर काम होतंय का, ते आधी बघा.