नऊ गोळ्यांची गंमत : जुन्या छोट्या रिव्हॉल्वरबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न : काका नमस्कार. मी कोलंबस, ओहायोला असतो, सिटीझन आहे. शेजारचे आजोबा गेले आणि घर रिकामं करताना त्यांच्या मुलाने मला त्यांचं जुनं रिव्हॉल्वर दिलं. हॅरिंग्टन अँड रिचर्डसनचं ९२२, पॉइंट टू-टू (म्हणजे ०.२२ इंचाच्या गोळीचं), नऊ गोळ्यांचं, लाकडी मूठ हातात घासून घासून गुळगुळीत झालीय. दुकानात विचारलं तर म्हणाले कुठलीही टू-टू घाल, चालतंय. खरंच चालेल का?

उत्तर : नाही, कुठलीही चालत नाही. आणि "टू-टूच तर आहे" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय ना, की आता कुणी म्हटलं की मी हातातलं काम ठेवून बसतो त्याच्याशी बोलायला.

आधी ही गोळी चालते कशी ते बघ. बाकीच्या बहुतेक काडतुसांना बुडाला मधोमध वेगळी टोपी असते, टू-टूला ती नसते. हिचा पेटणारा मसाला बुडाच्या काठाच्या घडीत भरलेला असतो, म्हणून तर रिमफायर. घोडा पडला की तो काठ सिलिंडरच्या, म्हणजे गोळ्या भरायच्या फिरत्या नळकांड्याच्या, कडेवर चेचला जातो आणि दारू पेटते. आता काठ चेचला जायला हवा म्हटल्यावर पितळ पातळच ठेवावं लागतं, आणि जिथे पातळ तिथेच आतून जोर येतो. सिलिंडरने त्या काठाला बाजूने आधार दिला तर ठीक, नाहीतर पुंगळी मागच्या बाजूला फाटू शकते.

म्हणून तू आज घरी गेल्यावर पहिलं काम हे कर. रिव्हॉल्वर रिकामं आहे ना बघ, मग परत एकदा बघ, मग मधली पिन ओढून सिलिंडर बाहेर काढ आणि त्याची मागची बाजू उजेडात धर. प्रत्येक भोकाभोवती एक खाच आहे का, ज्यात गोळीचा काठ आत बसून सिलिंडरशी सपाट होईल? की मागचा भाग नुसता सपाट आहे आणि काठ वर उघडाच राहतो? जास्त वेगाच्या टू-टू गोळ्या बाजारात आल्या तेव्हा, म्हणजे १९३० च्या सुमाराला, कंपन्यांनी ही खाच द्यायला सुरुवात केली. आयव्हर जॉन्सन कंपनीने तर त्याच खाचेवरून आपल्या मॉडेलचं नावच सील्ड एट ठेवलं. खाच नसलेल्यात हाय व्हेलॉसिटी घालायची नाही म्हणजे नाही.

हे पुस्तकातून सांगत नाहीये. वीसेक वर्षांपूर्वी मी एका गन शोमधून असंच खाच नसलेलं एक जुनं रिव्हॉल्वर घेतलं, विकणाऱ्याने सांगितलं काही होत नाही, मी साधी हाय व्हेलॉसिटीची पेटी उघडली आणि चौथ्या गोळीला काठ फाटला. आवाज जरा वेगळा आला, बोटाला चटका बसला, चष्मा काढून बघतो तर उजव्या काचेवर पितळाचा तुकडा रुतलेला, तांदळाच्या कणीएवढा. ती काच मी अजून ठेवलीय आणि नवीन माणूस रेंजवर आला की आधी ती त्याच्या हातात देतो.

वय काढायला तुझं सोपं आहे. एच अँड आरने, म्हणजे हॅरिंग्टन अँड रिचर्डसनने, १९४० पासून सीरियल नंबरच्या आधी इंग्रजी अक्षर टाकायला सुरुवात केली, ए म्हणजे १९४०, बी म्हणजे १९४१ असं पुढे. तुझ्या नंबरात अक्षर असलं तर बहुतेक खाच असणारच, तरी डोळ्याने बघितल्याशिवाय मान्य करू नको.

मग बाकीची तपासणी. मी आयुष्यभर मशिन शॉपमध्ये काढलं त्यामुळे मला यात जरा जास्तच रस आहे, सांभाळून घे. घोडा अंगठ्याने हळूहळू मागे ओढ, दुसऱ्या हाताचं बोट सिलिंडरवर हलकं टेकवून ठेव, अगदी थोडासा अडथळा होईल इतकंच. घोडा पूर्ण मागे अडकला तेव्हा सिलिंडरसुद्धा खट्ट करून जागेवर बसलं पाहिजे. नऊच्या नऊ घरांना, म्हणजे गोळी बसते त्या भोकांना, करून बघ, आठ बरोबर आणि एक चुकतंय असं पुष्कळदा असतं. घर नळीच्या समोर नीट आलं नाही तर गोळी कडेला घासते आणि शिसं बाजूला उडतं, शेजारी उभ्या माणसाच्या गालावर ते वाळूसारखं लागतं. नंतर सिलिंडर आणि नळीच्या मधल्या फटीत फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून बघ, सहा थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आसपास असेल तर मी खूश असतो, दहाच्या वर गेलं तर जाणत्या गनस्मिथला दाखवल्याशिवाय उडवत नाही. नळीत टॉर्च मारून बघ, मध्येच काळसर कडं दिसलं तर तिथे कधीतरी गोळी अडकून मागून दुसरी मारलेली आहे, नळी फुगलीय, ते रिव्हॉल्वर मग शोभेचं.

सगळं ठीक निघालं तर स्टँडर्ड व्हेलॉसिटी घे, चाळीस ग्रेनची (ग्रेन हे गोळीचं वजन मोजायचं माप), सेकंदाला १०७० फुटांच्या आसपासची. हाय व्हेलॉसिटी १२०० च्या वर जाते आणि डबा पाडायला तिची काही गरज नाही. त्याहून मऊ हवी तर सीबी नावाची कमी जोराची टू-टू मिळते, सातशे फुटांच्या आसपास, पण मऊ गोळीने झिजलेल्या नळीत गोळी अडकू शकते हे लक्षात ठेव. आवाज बारीक आला, पुढे भोक दिसलं नाही, की थांबायचं आणि नळी तपासायची. आणि शॉर्ट, म्हणजे आखूड टू-टू, खूप उडवल्यास तर चेंबर (गोळीचं घर) नीट घासून साफ कर, पुढे कचऱ्याचं कडं जमतं आणि मग लाँग रायफल, म्हणजे नेहमीची लांब टू-टू, आत जाताना अडते.

एक मात्र कर, रिकामं असताना उगाच चाप ओढत बसू नको. रिमफायरमध्ये घोड्याचं टोक सरळ चेंबरच्या कडेवर आपटतं आणि तिथे खळगा पडतो. सवय करायचीच असेल तर भिंतीत स्क्रू बसवायचे पिवळे प्लॅस्टिकचे गट्टू मिळतात ना हार्डवेअरमध्ये, ते टू-टूच्या घरात बरोबर बसतात, तेच मी वापरतो.

मग रविवारी सकाळी दहा यार्डावर डबे लाव. चाप नुसता ओढलास तर जड लागेल, हात हलेल, म्हणून घोडा आधी अंगठ्याने मागे घे आणि मग चाप ओढ. नऊ झाल्या की पिन काढायची, सिलिंडर हातात घ्यायचं, त्याच पिनेने एकेक पुंगळी बाहेर ढकलायची, नऊ नव्या भरायच्या, परत बसवायचं. लोकांना ह्याचा कंटाळा येतो आणि मला नेमकं तेच आवडतं, कारण पन्नासची पेटी अख्खी सकाळ पुरते आणि प्रत्येक गोळी आठवते.

प्रश्न : मी ऑस्टिनला एच-वन-बीवर आहे. मित्र सिटीझन आहे, त्याच्याकडे जुनी टू-टू रिव्हॉल्वर आहेत, तो दर शनिवारी रेंजवर बोलावतो. स्वतःची विकत घेत नाहीये, नुसती त्याची चालवली तर चालेल ना?

उत्तर : हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर ऐकून सगळे नाराज होतात. नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला बंदी आहे, आणि एच-वन-बी नॉन-इमिग्रंटच. विकत घेणं लांब राहिलं, रेंजवर भाड्याने घेणंसुद्धा ह्यात येतं. कायद्यात काही सूट आहे, त्यातली लोक वापरतात ती म्हणजे कुठल्याही राज्याचं चालू असलेलं शिकारीचं लायसन्स, तू शिकार करत नसलास तरी. पण ते खिशात आल्याशिवाय रिव्हॉल्वरला हात लावू नकोस, आणि लावण्याआधी तुझ्या इमिग्रेशन वकिलाला विचार, कारण चूक झाली तर फेडरल गुन्हा, आणि तुझी ग्रीन कार्डाची वाट तिथेच अडेल. ग्रीन कार्ड हातात आलं की ही बंदी उरत नाही, राज्याचे नियम तेवढे बघायचे.

काही जण म्हणतात १८९८ किंवा त्याआधीचं असेल तर ते अँटिक, फेडरल कायद्यात फायरआर्मच नाही. हे खरं आहे. पण त्यात घालायची गोळी मात्र गोळीच राहते आणि बंदी गोळीवरही आहे. मित्राला सांग, तू डबे लावतोस, तो मारेल.

प्रश्न : पिट्सबर्गजवळ एका लिलावात स्मिथ अँड वेसनचं मॉडेल वन, थर्ड इश्यू (म्हणजे तिसरी आवृत्ती) मिळतंय. चालवता येईल का?

उत्तर : घ्या जरूर. चालवू नका.

हे मॉडेल आलं १८५७ ला, सात गोळ्यांचं, आणि आज आपण जिला टू-टू शॉर्ट म्हणतो ती गोळी ह्याच्यासाठीच बनली, चार ग्रेन काळी दारू आणि एकोणतीस ग्रेनचं शिसं. थर्ड इश्यू १८६८ पासून. खालचा खटका दाबला की नळी वरच्या बाजूला उघडते, सिलिंडर हातात येतं, आणि नळीखालच्या दांडीवर एकेक घर टेकवून पुंगळी ढकलायची. एकदा करून बघा, रिकाम्यानेच, त्या काळच्या कारागिराचा हात कळतो. सिलिंडरला आरपार भोक पाडायचं पेटंट रॉलिन व्हाइटकडे होतं, १८५५ चं, आणि स्मिथ अँड वेसन त्याला रिव्हॉल्वरमागे पंचवीस सेंट द्यायचे, पण पेटंटवरचे खटले त्याने स्वतःच्या खिशातून लढायचे असं ठरलं होतं. बिचारा त्यातच खर्ची पडला. १८६९ ला पेटंट संपलं, त्याने मुदतवाढ मागितली, काँग्रेसने विधेयकही मंजूर केलं आणि राष्ट्राध्यक्ष ग्रँटने १८७० मध्ये त्यावर नकाराधिकार वापरला. तोवर बांध फुटलाच होता, वुस्टर, नॉर्विच अशा बंदुकांच्या कारखान्यांच्या गावांतून, सगळीकडून स्वस्त छोटी रिमफायर निघायला लागली. आपण आज गन शोमध्ये टेबलावर जी चिमुकली बिनगार्डाच्या चापाची रिव्हॉल्वर बघतो ती बरीचशी ह्या लाटेतली.

ते लोखंड काळ्या दारूसाठी होतं. आजच्या शॉर्टमध्येही बिनधुराची दारू असते, तिचा दाब वेगळ्या तऱ्हेने चढतो, आणि आतली चपटी स्प्रिंग एवढी नाजूक असते की तुटली तर कुणाकडून तरी हाताने करून घ्यावी लागते. काही लोक सीबी घालून उडवतात, मी त्यांच्याशी वाद घालत नाही, पण माझं तसं रिव्हॉल्वर कपाटात तेल लावून ठेवलेलं आहे.

प्रश्न : साताऱ्याहून लिहितेय. तुमचं अमेरिकेचं सदर आहे माहितीये, पण आजोबांच्या ट्रंकेत छोटं रिव्हॉल्वर सापडलंय, लायसन्स त्यांच्या नावावर होतं, ते जाऊन चार महिने झाले. ठेवून घेता येईल का?

उत्तर : ताई, आधी ते तसंच, कुणालाही हाताळू न देता, जवळच्या पोलीस ठाण्यात नाहीतर लायसन्सधारक डीलरकडे जमा करा आणि पावती घ्या, अजून उशीर करू नका. आर्म्स ॲक्ट १९५९ तसंच सांगतो. नंतर वारस म्हणून तुम्ही लायसन्ससाठी अर्ज करू शकता. "जुनं आहे, अँटिक आहे" ह्यावर विसंबू नका, आपल्याकडे सूट आहे ती दुरुस्त करूनही उडणार नाही अशा हत्याराला.

प्रश्न : माझी लेक बारा वर्षांची आहे. कोल्हापूरच्या नेमबाज राही सरनोबतने २०१८ ला पालेमबांगला एशियन गेम्सचं सुवर्ण जिंकल्याचे जुने व्हिडिओ बघून मागे लागलीय. माझ्या नवऱ्याकडे हाय स्टँडर्डचं सेंटिनल आहे. शिकवू का? आम्ही इंडियानात असतो, सगळे सिटीझन.

उत्तर : शिकवा! राही मारते तीही टू-टू लाँग रायफलच, पंचवीस मीटरवर, लेकीला हे सांगा, बघा कशी खुलते ते.

फेडरल कायद्यात अठराखालच्या मुलांना हँडगन नेमबाजीच्या सरावापुरतं चालतं, पण आई-वडिलांची लेखी परवानगी जवळ असायला लागते, तुम्ही शेजारी उभ्या असलात तरी दोन ओळी लिहून तिच्या खिशात ठेवा. सेंटिनल १९५५ पासूनचं, ॲल्युमिनियमची फ्रेम, हलकं, तिच्या हाताला जमेल. सिलिंडर बाजूला झुकतं, एका दांडीने सगळ्या पुंगळ्या निघतात. पहिल्या दिवशी नऊ घरांत एकच गोळी भरा, सात यार्डावर मोठा कागद, चष्मा आणि कानाला मफ्स, छोट्या नळीचा आवाज वाटतो त्याहून कानाला वाईट. डाव्या हाताचं बोट सिलिंडरच्या पुढच्या फटीजवळ जाऊ देऊ नका, तिथून गरम वारा आणि शिसं येतं. पाणी, दगड किंवा जवळचं जाड लोखंड हे टार्गेट नाही, टू-टूचं शिसं उलटून येतं.

आणि गोळ्या कागदावर नेमक्या बसायला लागल्या की तिला थांबवायला जड जाईल, पण थांबवा, हात थंड पाण्याने साबण लावून धुवायला लावा, शिसं असतं हातावर, कपडे बदला, आणि मगच चिवड्याचा डबा उघडा.